विश्लेषण : भाड्यासाठी दुसरे घर घेणे खरेच परवडते का? परतावा, प्राप्तिकर आणि करारनाम्याचा हिशेब काय सांगतो?

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचे काय करायचे, या प्रश्नाला मध्यमवर्गीय मराठी घरात एक ठरलेले उत्तर असते. एखादे छोटे घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे, महिन्याचा खर्च आपोआप निघेल. पुण्यात वाकड, हिंजवडी, खराडी आणि मुंबई परिसरात ठाणे, डोंबिवली, पनवेल येथे याच विचाराने घेतलेली घरे मोठ्या संख्येने आहेत. त्यातली काही मालकांना नियमित उत्पन्न देतात, काही भीतीपोटी कुलूपबंद पडून आहेत आणि काहींचे वाद सक्षम प्राधिकाऱ्यासमोर सुरू आहेत. हा फरक नशिबाचा कमी आणि हिशेबाचा, कागदपत्रांचा जास्त आहे. भाड्याचे घर मुदत ठेवीसारखे ‘ठेवा आणि विसरा’ या पद्धतीने चालत नाही. तो एक छोटा व्यवसाय आहे आणि त्याला खर्च, जोखीम, कर व कायदा असे सगळेच लागू होते.

दरमहा २५ हजार भाडे म्हणजे किती टक्के परतावा?

एक नमुना हिशेब मांडून पाहू. समजा, पुण्यात ८० लाख रुपयांना दोन शयनगृहांचे घर घेतले. पुण्यात पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क आणि त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क कमाल ३० हजार. स्वयंपाकघराच्या ट्रॉली, पंखे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या, कपाटे यांवर आणखी तीन लाख १० हजार धरले, तर घर भाड्याने देण्याजोगे होईपर्यंत ८९ लाख रुपये गुंतलेले असतात. भाडे महिना २५ हजार धरले तर वर्षाचे तीन लाख होतात. घराच्या किमतीवर हा परतावा ३.७५ टक्के दिसतो. बहुतेक जण हिशेब येथेच थांबवतात.

आता वजाबाकी. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर २५ हजार गेले. एजंटाची दलाली वर्षाला सरासरी अर्ध्या महिन्याचे भाडे धरली, तर १२,५००. सोसायटीचा देखभाल खर्च महिना तीन हजार, म्हणजे ३६ हजार. बिनभोगवटा शुल्क २,४००. मिळकतकर १४ हजार. रंगकाम, प्लंबिंग, किरकोळ दुरुस्ती २० हजार. करारनोंदणीचा खर्च १,५००. बेरीज होते एक लाख ११ हजार ४०० रुपये. मालकाच्या हाती उरतात एक लाख ८८ हजार ६०० आणि गुंतवलेल्या ८९ लाखांवर परतावा होतो जेमतेम २.१ टक्के. २० टक्क्यांच्या करटप्प्यातील मालकाचा प्राप्तिकर वजा केला, तर तो १.७ टक्क्यांवर येतो.

आकडे शहरागणिक आणि सोसायटीगणिक बदलतील, पण वजाबाकीचे रकाने बदलत नाहीत. पुण्यात तर आणखी एक रकाना आहे. स्वतः राहणाऱ्या मालकाला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिले की ही सवलत जाते.

मग मुदत ठेवच बरी का?

केवळ दरमहा हाती येणारी रक्कम पाहायची, तर होय. बँकेच्या मुदत ठेवीवर सहा-सात टक्के मिळतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के करण्यात आला. तिथे ३० लाखांची मर्यादा आहे, पण रंगकाम नाही आणि रिकामा महिनाही नाही.

घराच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. मुदत ठेवीचे मुद्दल दहा वर्षांनी तेवढेच राहते, घराची किंमत वाढू शकते. शिवाय भाडे साधारणपणे महागाईबरोबर वाढते, ठेवीचे व्याज तसे वाढत नाही. प्रश्न इतकाच, की किंमत किती वाढायला हवी? वरच्या उदाहरणात घरावर २.१ टक्के सुटतात. सात टक्क्यांच्या ठेवीशी बरोबरी साधायला घराची किंमत दरवर्षी सुमारे पाच टक्क्यांनी वाढली पाहिजे. त्यातही ८० लाखांच्या घरात ८९ लाख गुंतलेले आहेत. म्हणजे किंमत सुमारे ११ टक्क्यांनी वाढेपर्यंत मालक नुकसानीतच असतो. आणि विक्रीच्या वेळी नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफा कर आहे. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के झाला. त्याआधी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय ठेवला आहे.

थोडक्यात, भाड्यासाठी घर घेणारा माणूस प्रत्यक्षात किंमतवाढीवर पैसे लावत असतो. भाडे हा त्या वाट पाहण्याच्या काळातला हातखर्च असतो. ज्याला वाट पाहणे शक्य आहे त्याच्यासाठी हे ठीक. ज्याला पुढच्या महिन्यापासून औषधपाण्याचा खर्च त्यातून काढायचा आहे, त्याने दोनदा विचार करावा. रुग्णालयाचे बिल भरायला मुदत ठेव दुपारी मोडता येते, घराची एक खोली विकता येत नाही.

कर्ज काढून घेतले तर भाड्यातून हप्ता निघतो?

सध्याच्या किमतींना बहुधा नाही. ६० लाखांच्या कर्जावर ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ५२ हजार रुपये येतो. भाडे २५ हजार. म्हणजे महिन्याला २७ हजार रुपये पगारातून घालावे लागतात आणि देखभाल खर्च वेगळा. घर रिकामे असेल त्या महिन्यात संपूर्ण ५२ हजार खिशातून जातात. दोघे कमावते असताना हे पेलते. एकाची नोकरी गेली की पहिला ताण याच हप्त्यावर येतो.

भाडे कर्जाच्या व्याजदरापेक्षा निम्म्याहून कमी टक्क्यांनी येत असेल, तर ‘भाडेकरू आपला हप्ता भरेल’ हे गणित जुळत नाही. ते जुळवायचे तर स्वतःचे भांडवल निम्म्याहून जास्त असावे लागते.

प्राप्तिकरात काय मिळते, काय मिळत नाही?

भाड्याचे उत्पन्न ‘घर-मालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या सदरात करपात्र असते. मिळालेल्या भाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती, रंगकाम, दलाली, सोसायटीचे पैसे हे सगळे या ३० टक्क्यांत आले असे कायदा धरतो. प्रत्यक्ष खर्च जास्त झाला तरी वेगळी वजावट नाही. आपल्या उदाहरणात ११ महिन्यांचे भाडे दोन लाख ७५ हजार, वजा मिळकतकर १४ हजार, वजा ३० टक्के. करपात्र उत्पन्न एक लाख ८२ हजार ७०० रुपये होते.

भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरील पूर्ण व्याज वजा करता येते. अडचण पुढे आहे. ६० लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याजच पाच लाखांहून अधिक असते, त्यामुळे या सदरात तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत हा तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला दोन लाखांपर्यंतच वजा होतो आणि उरलेला आठ वर्षे पुढे नेता येतो. नव्या करप्रणालीत इतर उत्पन्नातून तो वजाच होत नाही. ‘कर वाचवण्यासाठी दुसरे घर’ हा काही वर्षांपूर्वीचा सल्ला नवी प्रणाली निवडणाऱ्यांसाठी आता कालबाह्य झाला आहे.

घर रिकामे ठेवले तरी कर पूर्णपणे टळतोच असे नाही. दोन घरे स्वतःच्या वापरातील म्हणून दाखवता येतात. तिसरे घर बंद असले, तरी त्यावर काल्पनिक भाडे धरून कर आकारला जातो.

घरमालकांच्या मनात एवढी भीती का आहे?

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने या आकड्याकडे लक्ष वेधले. अशा रिकाम्या घरांत महाराष्ट्र सुमारे २० लाखांसह पहिला होता. त्याच अहवालानुसार भारतीय शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. घरे आहेत, राहणारे आहेत, तरी कुलूप आहे. परतावा कमी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण जुन्या आठवणींत आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. युद्धकाळातल्या टंचाईवरचा उपाय पुढे अनेक दशके चालला. गिरगाव, दादर, लालबागमध्ये मालकांना शे-दोनशे रुपये भाडे मिळत राहिले, दुरुस्ती थांबली, चाळी मोडकळीला आल्या आणि पागडीची समांतर बाजारपेठ उभी राहिली. हा कायदा टाळण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग काढला. १९७३ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरू ठरवले. काही महिन्यांसाठी दिलेले घर कायमचे गेले, असा अनुभव अनेक कुटुंबांना आला. ‘भाडेकरू ठेवला की घर गेलेच’ हे वाक्य घराघरांत तेव्हापासून रुजले. गोठवलेल्या भाड्यांची ही व्यवस्था कालांतराने अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस नोंदवले आणि नव्या कायद्याची वाट मोकळी झाली.

आजचा कायदा कोणाच्या बाजूने आहे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्यात कायम राहिले. मात्र लिव्ह अँड लायसन्स करारावर राहण्यासाठी दिलेल्या घरांबाबत चित्र पालटले. कलम २४ नुसार कराराची मुदत संपली की परवानाधारकाने घर रिकामे करणे बंधनकारक आहे. केले नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे जाण्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानाधारकाने बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा सबळ कारण दिसले नाही, तर घर सोडण्याचा आदेश निघू शकतो. लेखी करारातील मजकूर या प्रक्रियेत निर्णायक पुरावा मानला जातो.

कागदावर झटपट दिसणारी ही प्रक्रिया प्रत्यक्षात काही महिने घेते. आदेशाविरुद्ध पुनरीक्षणाचा मार्गही आहे. तरीही १९७३ ची भीती मनात धरून आज घर बंद ठेवण्याचे कारण उरलेले नाही. अट एकच आहे. करार नीट झालेला हवा.

‘अकरा महिन्यांच्या करारा’चा गैरसमज काय?

केंद्राच्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून ‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही’ असा समज देशभर पसरला. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ही जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी नसेल, तर वादाच्या वेळी कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

स्टॅम्पपेपरवर टंकून नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे. ही गल्लत सर्वाधिक आढळते. पैसे वाचवण्यासाठी ती केली जाते म्हणावे, तर वाचतात किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करायच्या अनामत रकमेवरील वार्षिक दहा टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आहे. २५ हजार भाडे, ७५ हजार अनामत आणि ११ महिन्यांची मुदत असेल, तर ते सुमारे ७०५ रुपये येते. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार, ग्रामीण भागात ५०० रुपये. ८९ लाखांच्या मालमत्तेचा कायदेशीर आधार दोन हजारांहून कमी खर्चात उभा राहतो. नोंदणी महानिरीक्षकांच्या संकेतस्थळावरून, आधार आणि बोटांच्या ठशांच्या साहाय्याने ती घरबसल्याही होते. करार ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो, तेव्हा दरवर्षी धावपळ करायलाच हवी असेही नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मुदत संपल्यावर नवा करार न करता भाडे घेत राहणे. ‘माणूस चांगला आहे, करू नंतर’ असे म्हणत वर्षे जातात. वाद उभा राहतो तेव्हा त्या काळाचा एकही कागद हाती नसतो.

करारासोबत भाडेकरूची माहिती पोलिसांना देणेही आवश्यक आहे. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि त्यांचे उल्लंघन हा गुन्हा ठरतो. ही माहिती ऑनलाइन देता येते.

भाडेकरू घर सोडत नसेल तर मालकाने काय करू नये?

रागाच्या भरात कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, वीज किंवा पाणी तोडणे हे मार्ग मालकाच्याच अंगाशी येतात. अत्यावश्यक सेवा तोडणे भाडे नियंत्रण कायद्याने निषिद्ध आहे. कायदेशीर प्रक्रियेविना बाहेर काढलेली व्यक्ती सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करून ताबा परत मागू शकते. बाजू बरोबर असलेला मालक अशा एका कृतीमुळे आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. भाडे थकल्याच्या पहिल्या महिन्यातच लेखी सूचना देणे, थकबाकी अनामत रकमेपेक्षा जास्त होऊ न देणे आणि मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणे, हा कंटाळवाणा मार्गच खात्रीचा ठरतो.

हा जलद मार्ग राहण्यासाठी दिलेल्या घरांपुरता आहे. दुकानाचा गाळा किंवा कार्यालय भाड्याने दिले असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही. मुंबईत लघुवाद न्यायालयाची आणि इतरत्र लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. गाळ्यावर परतावा घरापेक्षा जास्त मिळतो हे खरे. पण तो रिकामा राहिला तर दीर्घकाळ राहतो आणि व्यापारी भाड्यावर १८ टक्के जीएसटीचा हिशेबही येतो.

सोसायटी किती पैसे मागू शकते?

घर भाड्याने दिले की सोसायटीशी नवे नाते सुरू होते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे दहा टक्के मालमत्ता कर वगळून, केवळ सेवा शुल्कावर मोजायचे असतात. संपूर्ण देखभाल बिलावर दहा टक्के लावणे किंवा सर्वसाधारण सभेत ठराव करून दुप्पट रक्कम घेणे नियमात बसत नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरली.

सहकार विभागाच्या नमुना उपविधींनुसार घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, पूर्वसूचना आणि कराराची प्रत द्यावी लागते. प्रत्यक्षात ‘बॅचलर नको’, ‘विद्यार्थी नको’, ‘अमुक आहार घेणारे नको’ अशा अलिखित अटी अनेक ठिकाणी असतात. त्यात भाडेकरूंची अवहेलना होतेच, मालकाचेही नुकसान होते. महाविद्यालयाजवळचे किंवा आयटी पार्कजवळचे घर विद्यार्थ्यांना आणि एकट्या नोकरदारांना द्यायचे नसेल, तर ते घेणाऱ्यांची संख्या निम्म्यावर येते. खरेदीपूर्वी सोसायटीतील चार भाडेकरूंशी बोलले, तर जाहिरातीत न दिसणारी ही माहिती मिळते.

अनामत रकमेचे वाद कसे टाळता येतील? नवा केंद्रीय कायदा आला आहे का?

‘देशभर भाड्याचे नवे नियम लागू, दोन महिन्यांहून जास्त अनामत घेता येणार नाही’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो. त्याचे मूळ आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली. घरासाठी कमाल दोन महिन्यांची अनामत, मुदतीनंतर घर न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि त्यापुढे चौपट भाडे, वादांसाठी स्वतंत्र यंत्रणा अशा तरतुदी त्यात आहेत. मात्र घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. केंद्राचा हा मसुदा नमुना म्हणून राज्यांपुढे ठेवलेला आहे, तो आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो आणि लिव्ह अँड लायसन्समधील अनामत दोघांच्या संमतीवर ठरते.

म्हणूनच घर सोडताना भांडण होते ते बहुधा याच रकमेवरून. भिंतीवरचा डाग नेहमीच्या वापराचा की नुकसानीचा, रंगकामाचे पैसे कोणाचे, शेवटचे वीजबिल कोणी भरायचे? उपाय साधे आहेत. ताबा देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे, वस्तूंची यादी आणि वीज मीटरचे वाचन दोघांच्या सहीने नोंदवावे. रंगकामाची रक्कम आणि लॉक-इन कालावधी करारातच लिहावा. अनामत खर्च न करता बाजूला ठेवावी, कारण ती परत करायचीच आहे. नवा भाडेकरू मिळाल्याशिवाय जुन्याची अनामत देता येत नाही अशी वेळ ज्याच्यावर येते, त्याचा हिशेब आधीच बिघडलेला असतो. भाडेकरूच्या दृष्टीने ते त्याचे स्वतःचे पैसे असतात आणि पुढच्या घराची अनामत त्यातूनच भरायची असते.

मालक परदेशात असेल तर?

अमेरिका, ब्रिटन किंवा आखातात स्थायिक झालेल्या मुलांच्या नावावर पुण्या-मुंबईत घर असणे आता नवलाचे नाही. अशा घराचे भाडे देताना कर कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. मालक भारतात राहणारा असेल, तर महिना ५० हजारांहून अधिक भाडे देणाऱ्या व्यक्तीलाच २ टक्के टीडीएस कापावा लागतो. मालक अनिवासी असेल, तर ही मर्यादा नाही आणि उपकरासह किमान ३१.२ टक्के दराने कपात करावी लागते. अनेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते आणि नोटीस आल्यावर दोघेही अडचणीत येतात. मालकाने प्राप्तिकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला घेतला, तर भार हलका होतो. करार कोणाच्या सहीने होणार, म्हणजे कुलमुखत्यारपत्र कोणाकडे, हेही आधीच ठरलेले हवे.

वारसांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. आईवडिलांच्या पश्चात दोन-तीन भावंडांच्या नावे आलेले घर, करारावर सही कोणी करायची यावर एकमत नसल्याने बंद राहते. देखभालीचे बिल मात्र येतच राहते. भाड्याच्या घराबरोबर मृत्युपत्र करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शेवटी, घर घ्यायचे असेल तर काय पाहावे?

पहिले, जाहिरातीतील अपेक्षित भाड्यावर विसंबू नये. त्याच इमारतीत सध्या प्रत्यक्ष किती भाडे मिळते आणि किती घरे रिकामी आहेत, ते पाहावे. दुसरे, वर्षाला दहाच महिन्यांचे भाडे मिळेल असे धरून हिशेब मांडावा. त्यातही घर परवडत असेल, तरच पुढे जावे. तिसरे, सहा महिन्यांचा हप्ता आणि देखभाल खर्च भागेल एवढी रक्कम वेगळी ठेवावी. चौथे, निवृत्तीची संपूर्ण पुंजी एकाच घरात घालू नये. पाचवे, दुसऱ्या गावातील घर असेल, तर गळणारा नळ कोण पाहणार याचे उत्तर खरेदीपूर्वीच हाती असावे.

आणि ज्यांचे घर आधीच आहे, पण भीतीने कुलूप लावून ठेवले आहे, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे. त्यांचे पैसे गुंतून झाले आहेत. देखभाल खर्च आणि मिळकतकर ते भरतच आहेत. त्यांच्या बाबतीत २५ हजार भाड्यातील जवळपास प्रत्येक रुपया भर घालणारा आहे. आड येते ती १९७३ ची आठवण आणि त्यावरचा उतारा दोन हजार रुपयांहून स्वस्त आहे. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, मुदत स्पष्ट लिहिलेला आणि ती संपताच नव्याने केलेला करार हाच तो उतारा.